घरचे दप्तर, नवी पेटी : संगणकातील साठवण कशी पारखावी?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच सुमारास सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरात, चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणसांच्या हानीपुढे इतर हानीचा हिशेब कोणी मांडत बसत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु पाणी ओसरल्यावर ज्यांचे प्राण वाचले त्यांना कळू लागले की घरातले बरेच काही असे गेले आहे, जे कोणत्याही पंचनाम्यात लिहिता येणार नाही. फ्रीज, गाद्या, धान्य यांची नोंद झाली. चिखलाने भरलेल्या संगणकाची नोंद ‘संगणक : १’ अशी होते. त्याच्या आत काय होते, हा रकानाच नसतो.

हा लेख त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे. मी महाड तालुक्यातील खाडीपट्ट्यात, तुडील येथे राहतो. या भागातल्या घरांमधले मोडी कागद, जुनी छायाचित्रे आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करणे हा माझा छंद. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण गोळा केलेले ठेवायचे कशात, या प्रश्नाने मला या यंत्राच्या पोटात शिरायला लावले. जे हाती लागले ते अशा वाचकांसाठी मांडतो आहे, ज्यांच्या घरी एक संगणक आहे, त्यात बरेच काही साठलेले आहे, आणि दुकानदार ‘एसएसडी टाकून घ्या’ म्हणतो तेव्हा होय म्हणावे की नाही हे ज्यांना ठरवता येत नाही.

दप्तर कुठे गेले?

कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात खरेदीखते, कुळाच्या पावत्या, लग्नपत्रिका, मुंबईहून आलेली पत्रे, गिरणीतल्या नोकरीचा दाखला, क्वचित एखादा मोडी कागद असा ऐवज रुमालात बांधून ठेवलेला असे. वाळवी, उंदीर आणि ओल हे तिचे तीन शत्रू, आणि तिघेही सगळ्यांच्या ओळखीचे. म्हणून पेटीत कडुलिंबाचा पाला पडे, पावसाळ्यानंतर कागदांना ऊन दाखवले जाई.

आता ती पेटी संगणकात गेली आहे. मुंबईत, आखाती देशांत गेलेल्या मुलांचे फोटो फोनवरून संगणकात येतात. लग्नाची चित्रफीत, बारशाची चित्रफीत, जमिनीच्या दाव्यातल्या कागदांच्या स्कॅन प्रती, बचत गटाचे हिशेब, शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर, सारे तिथेच. यांतले काही पुन्हा मिळते. सातबारा पुन्हा काढता येतो, गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते. पण गेलेल्या आजीच्या आवाजातली ओवी कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही करावी : आपल्या संगणकातल्या वस्तूंचे दोन ढीग मनाशी करावेत. एक ‘पुन्हा मिळेल’ असा, दुसरा ‘पुन्हा मिळणार नाही’ असा. दुसरा ढीग बहुधा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. पुढचा सगळा विचार त्या लहान ढिगासाठी आहे.

फिरणारी तबकडी

संगणकाचे कायमचे साठवण दोन प्रकारचे असते : चुंबकीय तबकडीचे आणि चिपचे. पहिल्याला आपण हार्ड डिस्क म्हणतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. जवळजवळ दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा पसारा, आणि साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरांची. आजच्या फोनने काढलेला एक चांगला फोटो त्या सगळ्या कपाटाला पुरून उरेल.

तत्त्व मात्र आजही तेच आहे. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते. तिच्यावर वाचणारे-लिहिणारे टोक काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगते. ते टोक तबकडीला टेकले की ओरखडा पडतो आणि तेवढी माहिती गेली. म्हणून चालू संगणक हलवू नये, चालू लॅपटॉप मांडीवरून खाटेवर आपटू नये. या यंत्रात फिरणारे, सरकणारे भाग असल्यामुळे ते झिजते. पण त्याचा एक गुण असा की मरण्याआधी ते पुष्कळदा कण्हते. टक-टक आवाज येतो, फाइल उघडायला वेळ लागतो, संगणक मध्येच अडकतो. ऐकणाऱ्याला इशारा मिळतो.

बहुतेक हार्ड डिस्कना एक बारीक श्वासछिद्र असते आणि त्यावर गाळणी असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ही सोय. पुराचे पाणी याच वाटेने आत जाते. अशी डिस्क उन्हात वाळवून, तांदळाच्या डब्यात पुरून पुन्हा चालू करून पाहणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि तोच सर्वांत घातक आहे. पाणी वाळते, पण त्यातला गाळ तबकडीवर राहतो आणि पहिल्याच फेरीत टोक त्यावर आपटते. भिजलेली डिस्क चालू करायची नाही, वाळवायचीही नाही. तशीच ओली, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची. खर्च मोठा असतो, पण आशा शिल्लक राहते.

चिप : न फिरणारे साठवण

दुसरा प्रकार म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी. तिच्यात हलणारा भाग एकही नाही. तिचा पाया असलेली फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. आज सर्वत्र वापरला जाणारा ‘नँड’ हा तिचा प्रकार १९८७ साली जगापुढे आला.

तिचे काम रांजणांच्या रांगेसारखे समजावे. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येकात विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. सुरुवातीच्या काळात एका कप्प्यात एकच बिट ठेवत. म्हणजे रांजण भरलेला की रिकामा, एवढेच पाहायचे. चूक होण्याला वाव कमी. याला एसएलसी म्हणतात. पुढे जागा वाचवण्यासाठी त्याच रांजणात पाण्याच्या चार पातळ्या ओळखू लागले आणि दोन बिट मावले. मग आठ पातळ्या, म्हणजे तीन बिट : ही टीएलसी. आणि मग सोळा पातळ्या, चार बिट : ही क्यूएलसी. रांजण तेवढाच, पण आता पाणी बोटभर कमी झाले तरी अर्थ बदलतो. त्यामुळे बिट वाढले की किंमत उतरते, पण कप्पा कमी वेळा लिहिणे सोसतो आणि लिहिण्याचा वेगही घटतो.

दुसरी अडचण पाटीची आहे. शाळेच्या पाटीवरचे एक अक्षर बोटाने पुसता येते. फ्लॅशमध्ये तसे जमत नाही. लिहिताना एक पान लिहिता येते, पण पुसताना अनेक पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. म्हणून ड्राइव्हमधली नियंत्रक चिप सतत उठाठेव करत असते : उपयोगाची पाने दुसरीकडे हलवायची, जुना गठ्ठा पुसायचा, आणि कुठलाच गठ्ठा इतरांपेक्षा जास्त झिजणार नाही असे सगळ्यांना आळीपाळीने वापरायचे. कुठले पान कुठे ठेवले याची एक सूची ती बाळगते. ही सूची बिघडली तर सर्व पाने जागेवर असूनही दप्तर हरवते. एसएसडी अचानक, आवाज न करता मरते ती पुष्कळदा अशी. संध्याकाळी चालू होती, सकाळी संगणकाला दिसतच नाही.

झिजेची भीती किती खरी?

‘एसएसडी लिहून लिहून संपते’ हे वाक्य आपण ऐकतो. ते खरे आहे, पण हिशेब करून पाहावा. कंपन्या प्रत्येक ड्राइव्हसाठी टीबीडब्ल्यू नावाचा आकडा देतात. एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी लागू राहील, तो हा आकडा. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला तो ३०० टेराबाइटच्या आसपास असतो. घरचा संगणक दिवसाला २० जीबी लिहितो असे धरले, आणि हे सढळ हाताने धरलेले आहे, तर वर्षाचे ७.३ टेराबाइट झाले. ३०० टेराबाइट संपायला ४१ वर्षे लागतील. तोवर संगणक, त्याची खोबण आणि कदाचित वापरणाराही बदललेला असेल. घरगुती वापरात एसएसडी झिजून मरणे हे क्वचित घडते. ती मरते ती नियंत्रक बिघडल्याने, विजेच्या झटक्याने किंवा तिच्यातल्या आज्ञावलीतील दोषाने.

या शेवटच्या कारणाचे एक बोलके उदाहरण आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले की तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस, ८ तास. आज्ञावलीत तास मोजणारा आकडा त्या मर्यादेला पोचला की कोलमडत होता. सुधारित आज्ञावली बसवणे हाच उपाय होता. यातून आपल्यासारख्याने घ्यायचा धडा असा : एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन ड्राइव्हवर दोन प्रती ठेवल्या, तर दोन्ही एकाच दिवशी जाऊ शकतात. दोन प्रती दोन वेगळ्या घराण्यांच्या पेट्यांत असाव्यात.

मोठ्या प्रमाणावरचे अभ्यासही काही सांगतात. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट नोंद म्हणतात. या नोंदीतल्या सर्वांत बोलक्या चार खुणा पाहिल्या तरी बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये त्यांपैकी एकही खूण आधी दिसली नव्हती. २०१६ साली टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांनी सहा वर्षांच्या वापरातील फ्लॅश ड्राइव्हचा अभ्यास मांडला. त्यात दिसले की हार्ड डिस्कच्या मानाने त्या कमी वेळा बदलाव्या लागतात, मात्र दुरुस्त न होणाऱ्या वाचनचुका त्यांत अधिक आढळतात. पहिल्या चार वर्षांत नमुन्यागणिक २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये अशी एक तरी चूक घडली होती. आणखी एक गोष्ट दिसली : महागड्या एसएलसी ड्राइव्ह तिथे इतरांहून अधिक भरवशाच्या ठरल्या नाहीत, आणि ड्राइव्ह किती लिहिली गेली याच्याइतकेच तिचे वयही महत्त्वाचे ठरले. एसएसडी बंद कमी पडते, पण एखादा फोटो गुपचूप खराब होण्यापासून ती आपल्याला वाचवत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

संकर : दोघांचे गुण की दोघांचे दोष?

मधल्या काळात एक तडजोड निघाली. हार्ड डिस्कमध्येच थोडी फ्लॅश स्मृती बसवायची, नेहमी लागणाऱ्या गोष्टी तिच्यात ठेवायच्या, बाकीचे तबकडीवर. सीगेट कंपनीने २०१० साली ५०० जीबीच्या तबकडीला ४ जीबी फ्लॅश जोडून अशी ड्राइव्ह लॅपटॉपसाठी आणली, पुढे फ्लॅश ८ जीबी झाली. अॅपलने २०१२ मध्ये १२८ जीबीची चिप आणि १ टेराबाइटची तबकडी एकत्र करून एकच ड्राइव्ह असल्यासारखी दाखवली.

त्या काळी एसएसडी फार महाग होती, म्हणून ही युक्ती शहाणपणाची होती. संगणक लवकर सुरू होई. परंतु टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहिले तर संकरित ड्राइव्हमध्ये तबकडी आणि टोक तसेच आहेत, त्यामुळे झिजही तशीच आहे. आणि दोन वेगळी साठवणे सांधून एक केली असतील, तर दोहोंपैकी एक गेले तरी सगळेच जाते. आज एसएसडी आवाक्यात आल्यावर या जातीचे प्रयोजन उरलेले नाही. दुकानात जुना साठा म्हणून कोणी स्वस्तात देऊ केली तरी नव्याने घेऊ नये, असे माझे मत आहे.

खरा उपयोगी संकर आपण स्वतः करावा. संगणक चालवणारी प्रणाली आणि रोजचे काम लहान एसएसडीवर, आणि मोठा साठा वेगळ्या हार्ड डिस्कवर. मेजावरच्या संगणकात दोन्हींना जागा असते. जुन्या लॅपटॉपमध्ये सीडीचा खण काढून तिथे कॅडी नावाची चौकट बसवली की मूळची हार्ड डिस्क तिच्यात जाते आणि तिच्या जागी एसएसडी येते. आठ-दहा वर्षांचा रखडणारा लॅपटॉप एवढ्याने पुन्हा कामाचा होतो. नवा संगणक घेण्याआधी हे करून पाहावे. फरक पडण्याचे कारण साधे आहे. हार्ड डिस्कच्या टोकाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याचा शंभरावा भाग.

दुकानात काय विचारावे?

*खोबण कोणती?* जुन्या संगणकात अडीच इंची सॅटा ड्राइव्ह बसते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर थांबतो. नव्या संगणकात २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी बसते, तिला एम-डॉट-टू म्हणतात. या आकारात सॅटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालतीलच असे नाही. एनव्हीएमईचा वेग सेकंदाला ३,५०० ते ७,००० मेगाबाइट आणि त्याहूनही पुढे जातो. पत्र टंकणे, फोटो पाहणे, हिशेब ठेवणे या कामांत हा फरक जाणवत नाही. वेगासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे दुसऱ्या प्रतीसाठी ठेवावेत.

*कप्पे कोणते?* संगणक चालवण्यासाठी टीएलसी घ्यावी. क्यूएलसी स्वस्त पडते आणि वाचण्याच्या कामाला वाईट नाही, पण मोठा साठा एकदम उतरवायला लागलो की थोड्या वेळाने तिचा वेग फार खाली येतो. खोक्यावर जात लिहिलेली नसेल तर टीबीडब्ल्यू आणि वॉरंटीची वर्षे पाहावीत. एक टेराबाइटला ६०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षे असे असेल तर बहुधा टीएलसी. ३६० आणि तीन वर्षे असे दिसले तर क्यूएलसीचा संशय घ्यावा.

*सूचीसाठी वेगळी स्मृती आहे का?* नियंत्रकाची सूची ठेवायला काही ड्राइव्हमध्ये स्वतंत्र डी-रॅम चिप असते. सॅटा ड्राइव्ह घेताना ती असलेली बरी. एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्या रॅमचा थोडा भाग उसना घेऊ शकते, म्हणून तिथे नसली तरी चालते.

*हार्ड डिस्क कौलारू आहे का?* हा शब्द माझा, पण कल्पना तंतोतंत तीच आहे. जास्त माहिती मावावी म्हणून काही हार्ड डिस्कमध्ये एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे पट्टे लिहितात. मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तंत्राचे नाव एसएमआर. २०२० साली वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही मोठ्या कंपन्या काही नमुन्यांत हे तंत्र न सांगता वापरत असल्याचे उघड झाले. एकदा लिहून ठेवून देण्याच्या प्रतीसाठी कौलारू डिस्क चालते. रोज बदलणाऱ्या कामासाठी साधी, म्हणजे सीएमआर, मागावी.

*माल खरा आहे का?* अगदी स्वस्तात ‘१६ टेराबाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिशाएवढ्या ड्राइव्ह खोट्या असतात. आत जेमतेम ६४ किंवा १२८ जीबीची चिप असते आणि ती संगणकाला खोटा आकडा सांगते. जागा संपली की नवे लेखन जुन्यावर चढते आणि पहिले फोटो नाहीसे होतात. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या फुकट मिळणाऱ्या साधनांनी ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून पाहावी. नव्या ड्राइव्हची ही परीक्षा झाल्याशिवाय तिच्यात काहीही मोलाचे ठेवू नये. पक्के बिल घ्यावेच. आणि एक ध्यानात ठेवावे : वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, जुन्या ड्राइव्हमधला मजकूर मिळत नाही.

आपल्या हवेत

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवेत पाणीच असते आणि वीज येते-जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. लिहिणे चालू असताना वीज गेली तर एसएसडीच्या सूचीला धोका असतो. मोठ्या कार्यालयांसाठीच्या महाग ड्राइव्हमध्ये अशा वेळी क्षणभर वीज पुरवणारे कपॅसिटर असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. म्हणून मेजावरच्या संगणकाला लहान यूपीएस आणि घराला नीट अर्थिंग यांवरचा खर्च हा ड्राइव्हवरचाच खर्च समजावा. विजा चमकत असताना जोडलेली बाहेरची डिस्क सोडवून ठेवावी.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको. तिच्यातला विद्युतभार वीज नसताना हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा नियम असा की घरगुती एसएसडीने, तिची लिहिण्याची सारी क्षमता वापरून झाल्यावरही, ३० अंश सेल्सियसला बंद अवस्थेत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. हा नियम झिजलेल्या ड्राइव्हचा आहे, नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकवते. पण उष्णता वाढली की मुदत घटते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात किती तापते हे आपण जाणतो. वर्षानुवर्षे बंद ठेवायची तर हार्ड डिस्क बरी. तीही सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सहा महिन्यांनी एकदा जोडून पाहायची. २००५ आणि २०२१ ही दोन वर्षे पाहिलेल्या माणसाला डबा तळमजल्यावर ठेवू नये हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक नवी अडचण आहे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या नव्या संगणकात ड्राइव्हला आपोआप कुलूप घालतात. संगणक जळला आणि ड्राइव्ह काढून दुसरीकडे जोडली, तर ४८ आकडी किल्लीशिवाय ती उघडत नाही. ही किल्ली आजच शोधून वहीत लिहून ठेवावी. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मूळ पट्टीवरच डाख देऊन पक्की केलेली असते, ती काढताच येत नाही. असा लॅपटॉप घेतला तर बाहेरची प्रत ही सोय राहत नाही, ती गरज होते.

भरवसा प्रतींचा

इतके पाहिल्यावर ‘सर्वांत भरवशाची ड्राइव्ह कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर बदलते. चांगली ड्राइव्ह घ्यावीच. पण जी एकटी पुरेल अशी ड्राइव्ह कोणी बनवलेली नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक सोपा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवर ठेवता येते. ते परवडत नसेल किंवा तेवढी रेंज नसेल, तर मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्याच्या हाती एक हार्ड डिस्क द्यावी आणि गणपतीला तो येईल तेव्हा दुसरी देऊन ती परत घ्यावी. महाडला पूर आला तरी डोंबिवलीतले कपाट कोरडे असते. आमच्या भागात प्रत्येक घराचे एक टोक गावात आणि दुसरे शहरात आहे. संगणकाच्या माणसांना जी व्यवस्था पैसे मोजून उभी करावी लागते, ती आपल्याला नात्यातून आयतीच मिळालेली आहे.

मराठीतले याचे उत्तम उदाहरण ओव्यांचेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या जगापुढे ठेवायला सुरुवात केली. कागद, फीत, संगणक, जाळे असे माध्यम बदलत गेले. दर वेळी कोणीतरी जुन्या माध्यमावरून नव्यावर उतरवून घेण्याची तसदी घेतली, म्हणून त्या आज ऐकू येतात. फीत किती चांगल्या कंपनीची होती, हे आता कोणी विचारत नाही.

घरच्या दप्तराचेही हेच आहे. ड्राइव्ह पाच-सहा वर्षांची झाली की ती चालू असतानाच बदलावी. वर्षातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तिची प्रकृती पाहावी. हार्ड डिस्कच्या नोंदीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढे शून्य सोडून आकडा दिसला तर त्याच दिवशी प्रत काढावी. मात्र शून्य दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. प्रत काढली की तिच्यातल्या दहा-वीस फाइली उघडून पाहाव्यात, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. फायलींना नावे देताना साल, गाव आणि माणूस लिहावे. ‘आयएमजी ४५७१’ या नावाचा फोटो शंभर वर्षे टिकला तरी त्यातली बाई कोण, हे नातवाला कळणार नाही.

हे सगळे केव्हा करायचे? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वहीपूजन करतात, जुने खाते मिटवून नवी वही उघडतात. घरच्या दप्तरासाठीही तोच दिवस ठरवून टाकावा. फराळ झाल्यावर तासभर संगणकापुढे बसावे, ‘पुन्हा मिळणार नाही’ या ढिगाची नवी प्रत काढावी, डब्यावर तारीख घालावी, आणि शहरात जायची डिस्क पाहुण्यांच्या पिशवीत, चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवून द्यावी.